भिंतीपलीकडे वाजलेली घंटा
(आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र)



घरात वायफाय घेतले, पण मागच्या खोलीत ते पोचत नाही, ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. पुढच्या पडवीत सगळे सुरळीत चालते, माजघरात अडखळते, आणि मूल आतल्या खोलीत शांतपणे अभ्यासाला बसले की तास मध्येच थांबतो. आमच्या कॅसलरॉकला जाड दगडी भिंती आहेत, डोंगर आहेत, रान आहे, आणि कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडणारा पाऊस आहे. या सगळ्यांचा आणि वायफायच्या लहरींचा संबंध आहे. तो नीट समजावा म्हणून या अंकाच्या चरित्रमालेत आम्ही जगदीशचंद्र बोस यांची निवड केली आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युतलहरी कशातून आरपार जातात, कशाने अडतात आणि कशावरून परततात, याचा कसून अभ्यास करणारे ते पहिले भारतीय शास्त्रज्ञ. चरित्र आधी सांगतो आणि घरच्या वायफायकडे शेवटी वळतो.

बालपण आणि मातृभाषेची शाळा

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. घराणे ढाक्याजवळच्या विक्रमपूरचे. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते आणि सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. जगदीशचंद्रांचे लहानपण फरीदपूरला गेले.

त्या काळी हुद्देदार माणसे आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत घालत. ती प्रतिष्ठेची गोष्ट होती. भगवानचंद्रांच्या हाताखालच्या लोकांची मुलेही इंग्रजी शाळेत जात, पण साहेबांचा मुलगा मात्र गावच्या बंगाली शाळेत जाई. इंग्रजी शिकण्याआधी मुलाला आपली भाषा आणि आपली माणसे ओळखता आली पाहिजेत, असे वडिलांचे मत होते. शाळेत जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला कोळ्याचा. मासे, पाखरे, पाण्यातले जीव यांच्या गोष्टी तो या सोबत्यांकडून ऐके. सृष्टीकडे बारकाईने पाहण्याची सवय आपल्याला या बाकावर लागली, असे त्यांनी मोठेपणी सांगितले होते.

त्याला शाळेत नेण्या-आणण्याचे काम एका माजी दरोडेखोराकडे होते. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा दिली होती. तो सुटून आला तेव्हा त्याला कोणी काम देईना, म्हणून भगवानचंद्रांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. लहानगा जगदीश त्याच्या खांद्यावर बसून शाळेत जाई आणि वाटेत त्याच्या धाडसाच्या कथा ऐके. या माणसाने पुढे त्या घराशी कधी दगाफटका केला नाही.

कोलकाता, लंडन आणि केंब्रिज

१८६९ मध्ये जगदीशचंद्र कोलकात्याच्या हेअर स्कूलमध्ये दाखल झाले. पुढे ते सेंट झेवियर्सच्या शाळेत आणि मग त्याच नावाच्या महाविद्यालयात गेले. तेथे फादर लाफाँ हे भौतिकशास्त्र शिकवीत. ते वर्गात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवीत आणि त्यामुळे मुलांना या विषयाची गोडी लागे. जगदीशचंद्रही त्यांच्यामुळेच भौतिकशास्त्राकडे ओढले गेले. १८७९ मध्ये ते पदवीधर झाले.

इंग्लंडला जाऊन सनदी नोकरीची परीक्षा द्यावी असे त्यांच्या मनात होते, पण सरकारी अधिकारी असलेल्या वडिलांनाच ते पसंत नव्हते. शेवटी वैद्यकीय शिक्षणासाठी १८८० मध्ये ते लंडनला गेले. तेथे आधीचा ताप पुन्हा उलटला. शवविच्छेदनाच्या खोलीतली हवा सोसेना, म्हणून वैद्यकी सोडावी लागली. मग शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान शिकू लागले. लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू तेथे लाभले. १८८४ मध्ये केंब्रिजची पदवी आणि लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन ते मायदेशी परतले.

तीन वर्षे बिनपगारी

१८८५ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. भारतीय माणूस विज्ञान शिकवू शकेल यावर तेथील वरिष्ठांचा विश्वास नव्हता. त्या वेळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. बोसांची नेमणूक हंगामी होती, म्हणून त्याचाही निम्मा, म्हणजे एक तृतीयांशच हाती येणार होता.

बोसांनी राजीनामा दिला नाही आणि भांडणही मांडले नाही. त्यांनी पगारच घेतला नाही. काम मात्र एक दिवसही चुकवले नाही. पूर्ण तीन वर्षे ते असेच शिकवत राहिले. घरची स्थिती सुखाची नव्हती. लोकांचे भले व्हावे म्हणून वडिलांनी काढलेले उद्योग बुडाले होते आणि घराण्यावर मोठे कर्ज झाले होते. १८८७ मध्ये बोसांचे लग्न अबला दास यांच्याशी झाले. अबलाबाईंनी मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेतले होते आणि पुढे स्त्रीशिक्षणासाठी मोठे काम केले. संसाराच्या सुरुवातीला हे जोडपे खर्च वाचावा म्हणून नदीपलीकडे चंदननगरला राहिले. बोस होडीने हुगळी ओलांडून कामाला जात आणि अबलाबाई होडी वल्हवत घरी परत आणत.

तीन वर्षांनी वरिष्ठांनी माघार घेतली. बोसांची नेमणूक कायम झाली आणि मागील तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी हाती आला. ती रक्कम त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्याकडे लावली. त्यांचे शिकवणे इतके प्रयोगनिष्ठ होते की हजेरी घेण्याची गरज पडत नसे, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे पुढे जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ त्यांच्याच हाताखालून गेले.

न्हाणीघराशेजारची प्रयोगशाळा

१८९४ मध्ये छत्तिसाव्या वाढदिवशी बोसांनी ठरवले की यापुढे आयुष्य संशोधनाला वाहायचे. कॉलेजात संशोधनासाठी जागा नव्हती आणि पैसाही नव्हता. न्हाणीघराला लागून असलेली एक चिंचोळी खोली त्यांनी मिळवली. शिकवण्याचे तास संपल्यावर ते तेथे काम करीत. उपकरणे विलायतेहून मागवणे परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी एका देशी पत्रेवाल्याला हाताशी धरले, स्वतः आराखडे काढले आणि त्याच्याकडून उपकरणे घडवून घेतली. खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून केला.

विषय होता विद्युतचुंबकीय लहरींचा. स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गणिताने सांगितले होते की प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे आणि तिच्यासारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरीही असल्या पाहिजेत. जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. पण हर्ट्झच्या लहरी बऱ्याच लांब होत्या. अशा लहरी आरशावरून कशा परततात, भिंगातून कशा वळतात हे तपासायचे तर तेवढीच अवाढव्य उपकरणे लागत.

बोसांनी याच्या उलट वाट धरली. लहरच आखूड केली तर उपकरण टेबलावर मावेल! त्यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. त्या एका दिशेने सोडण्यासाठी नळ्या केल्या, पकडण्यासाठी कर्ण्याच्या आकाराची तोंडे केली, गंधकाचे लोलक केले. त्यांचा ग्राहक, म्हणजे लहर ओळखणारा भाग, बारीक स्प्रिंगांचा होता. लहर पोचली की त्यातून विजेचा प्रवाह वाढे आणि काटा हले. आज उपग्रहाच्या आणि रडारच्या यंत्रणेत अशीच कर्ण्यासारखी तोंडे आणि लहरी वाहून नेणाऱ्या नळ्या वापरतात.

रेल्वेच्या गावातल्या मुलांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगायला हवी. लहरींचे ध्रुवण, म्हणजे लहर कोणत्या पातळीत हेलकावते हे तपासण्यासाठी बोसांना एक चाळणी हवी होती. त्यांनी चक्क रेल्वेचे वेळापत्रक घेतले. ब्रॅडशॉ नावाचे ते जाडजूड पुस्तक त्या काळी प्रत्येक स्टेशनावर असे. त्याच्या पानापानांमध्ये त्यांनी कथलाचे पातळ पत्रे घातले. पुस्तक एका बाजूने धरले की लहर पार होई, काटकोनात फिरवले की अडे. तागाच्या पिळलेल्या जुड्यांनीही त्यांनी असेच प्रयोग केले.

घंटा वाजली

१८९५ मध्ये कोलकात्यात बोसांनी जाहीर प्रयोग करून दाखवला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेन्झी सभेचे अध्यक्ष होते. लहरी सोडणारे यंत्र व्याख्यानाच्या दालनात होते. ग्राहक ७५ फुटांवर, मध्ये एक खोली आणि बोळ सोडून तिसऱ्या खोलीत ठेवला होता. मध्ये तीन पक्क्या भिंती होत्या. शिवाय अध्यक्ष महाशयांचा भरभक्कम देहही लहरींच्या वाटेत होता. बोसांनी कळ दाबली. तिसऱ्या खोलीत घंटा वाजली, पिस्तुलाचा बार निघाला आणि छोटासा सुरुंग उडाला. मध्ये तार नव्हती.

ही करामत साधावी म्हणून बोसांनी २० फूट उंच खांबावर धातूची एक गोल तबकडी बसवली होती. आजच्या उंच अँटेनाचीच ती कल्पना होती.

मे १८९५ मध्ये त्यांचा पहिला निबंध एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. मायकेल फॅरेडे यांनी सुरू केलेल्या शुक्रवारच्या व्याख्यानमालेचा हा मान होता. एक तृतीयांश पगाराला लायक ठरवलेला प्राध्यापक त्या व्यासपीठावर उभा होता.

कोणता पदार्थ या अदृश्य किरणांना पारदर्शक आहे आणि कोणता अपारदर्शक, हेही त्यांनी तपासले. आपल्या डोळ्यांना वीट आणि डांबर अपारदर्शक दिसतात, पण या किरणांना ती बरीच पारदर्शक निघाली. पाणी आपल्याला स्वच्छ आरपार दिसते, पण या किरणांना ते जवळजवळ अपारदर्शक निघाले. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पावसाळ्यातल्या घरासाठी तो फार महत्त्वाचा आहे.

श्रेयाचा प्रश्न

रेडिओचा शोध बोसांनी लावला की मार्कोनींनी, असा वाद आपल्याकडे नेहमी रंगतो. आम्हाला वाटते, मुलांना येथे नेमके तेवढेच सांगावे. इटलीचे गुग्लिएल्मो मार्कोनी यांना दूरवर संदेश पाठवायचे होते. त्यासाठी त्यांनी लांब लहरी आणि उंच अँटेना वापरली, १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंटासाठी अर्ज केला आणि डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पकडला. १९०९ मध्ये त्यांना जर्मनीच्या कार्ल ब्राउन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. बोसांना लहरींचे गुणधर्म जाणून घ्यायचे होते. तारायंत्राचा धंदा काढणे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता.

पण या कथेत आणखी एक दुवा आहे. १८९९ मध्ये बोसांनी लोखंड आणि पारा वापरून केलेल्या एका नव्या ग्राहकाची माहिती रॉयल सोसायटीपुढे ठेवली होती. मार्कोनींनी अटलांटिकच्या प्रयोगात वापरलेला पाऱ्याचा ग्राहक याच रचनेचा होता आणि त्याचे मूळ बोसांकडे जाते, असे प्रबीर बंद्योपाध्याय या अभियंत्याने १९९८ मध्ये सविस्तर लेख लिहून मांडले. बोसांनी आपली रचना उघडपणे छापली होती. ज्याला हवी त्याने घ्यावी, असाच त्यांचा व्यवहार होता.

१९०१ मध्ये ते इंग्लंडमध्ये असताना एका तारायंत्र कंपनीचा मालक त्यांच्याकडे आला. व्याख्यानात सगळे सांगू नका, आधी पेटंट घ्या, पैसा मी घालतो, असा त्याचा आग्रह होता. बोसांनी नकार दिला आणि ही हकिकत मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्रातून कळवली. भगिनी निवेदिता आणि सारा बुल या स्नेह्यांच्या आग्रहामुळे एका शोधाचे पेटंट मात्र घेतले गेले. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून केलेल्या ग्राहकाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थाच्या उपकरणाचे ते जगातील अगदी सुरुवातीचे पेटंट. बोसांनी त्यातून एक पैसाही मिळवला नाही आणि त्याची मुदत संपू दिली.

हे त्यांनी बरोबर केले का? मुलांनी यावर घरी जरूर चर्चा करावी. पेटंटातून पैसा आला असता तर त्यांची प्रयोगशाळा लवकर उभी राहिली असती, असे म्हणता येईल. विद्या विकायची नसते या मतावर त्यांनी आयुष्य काढले, हेही खरे. दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत.

वनस्पतींचे जग आणि विज्ञान मंदिर

ग्राहक सतत वापरला की थकतो आणि विश्रांती दिली की ताजातवाना होतो, हे बोसांच्या ध्यानात आले होते. धातूला थकवा येतो, मग वनस्पतीचे काय? या प्रश्नाने त्यांच्या संशोधनाची दिशाच बदलली. १९०२ मध्ये सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादावर त्यांचे पुस्तक निघाले. झाडाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी तयार केले. लाजाळूवरचे त्यांचे प्रयोग जगभर गाजले. त्यांचे सगळेच निष्कर्ष शास्त्रज्ञांनी मान्य केले नाहीत. पण वनस्पतीत विद्युतसंकेत वाहतात, हा विषय आजही अभ्यासला जातो.

१९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. १९१७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर ही संशोधन संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. बंगालीतही त्यांनी विज्ञानावर लिहिले. १८९६ मध्ये त्यांनी लिहिलेली एक विज्ञानकथा ही बंगालीतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथांपैकी एक मानली जाते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये मार्कोनीही गेले होते. २०१२ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने बोसांच्या १८९४-९६ मधील मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना मैलाच्या दगडाचा मान दिला.

आता आपल्या घरातले वायफाय

बोसांच्या ५ मिलिमीटर लहरीची वारंवारता सुमारे ६० गिगाहर्ट्झ होते. आजच्या वायफायची लहर यापेक्षा लांब असते. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर. नियम साधा आहे. लांब लहर भिंतीतून जास्त दूर जाते, पण तिच्यावर माहिती कमी वेगाने जाते. आखूड लहरीवर वेग जास्त, पण भिंतीत ती लवकर दमते. ६० गिगाहर्ट्झचे वायफायही आता आहे, पण ते जवळपास एकाच खोलीपुरते.

जाड दगडी किंवा जांभ्याच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी या सगळ्या वायफायच्या वाटेतल्या अडचणी. धातू लहर परतवतो आणि पाणी ती गिळते. आषाढात भिंती ओल धरतात तेव्हा उन्हाळ्यात बरे चालणारे वायफाय रडू लागते, त्यामागे हेही एक कारण असते.

पुष्कळ जण मग जास्त ताकदीचा राउटर आणतात. त्याचा फायदा थोडाच होतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही लहरीची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय वायफाय हे दोघांचे बोलणे आहे. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाइलला उत्तर द्यायचे असते आणि त्याचा आवाज लहानच असतो.

खरा उपाय आमच्या रेल्वेकडे पाहिले की कळतो. लोंढ्याहून कुळ्यापर्यंतची गाडी एकच स्टेशनमास्तर सांभाळत नाही. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, करंझोळ, दूधसागर, सोनावळी, कुळे असे प्रत्येक स्टेशन आपापला टप्पा सांभाळते आणि गाडी पुढच्याच्या ताब्यात देते. १८८८ मध्ये गोव्याकडून लोहमार्ग इथवर आला तेव्हापासून घाटाचे काम असेच टप्प्याटप्प्याने चालते. स्टेशने एकमेकांशी तारेने जोडलेली असतात, हेही विसरू नये.

मोठ्या घरात तसेच करावे. एक जबरदस्त राउटर घेण्याऐवजी दोन-तीन साध्या ताकदीची प्रक्षेपक पेटी, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, वेगवेगळ्या ठिकाणी बसवावेत. त्यासाठी काही गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट, प्रत्येक ॲक्सेस पॉइंट मुख्य राउटरला शक्यतो तारेने जोडावा. नेटवर्कची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. तारेविना चालणारे रिपीटर मिळतात, पण साधा रिपीटर एकाच हवेत ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. पुण्याजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० अँटेनाही मध्यवर्ती केंद्राशी प्रकाशीय तंतूनेच जोडलेल्या आहेत. तार ओढणे शक्य नसेल तर मेश नावाने मिळणारा संच घ्यावा, पण त्याची दुसरी पेटी जेथे पहिलीचा संकेत अजून चांगला येतो अशा अर्ध्या वाटेवर ठेवावी. जेथे संकेतच नाही तेथे ठेवली तर ती पुढे देणार काय?

दुसरी गोष्ट, सर्व पेट्यांचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा. म्हणजे मोबाइल एका पेटीकडून दुसरीकडे आपोआप जातो. कोणती पेटी धरायची हे मुख्यतः मोबाइलच ठरवतो. पेटीची ताकद फार वाढवली तर तो जवळची सोडून लांबच्या पेटीलाच चिकटून राहतो. म्हणून ताकद मध्यम बरी.

तिसरी गोष्ट, २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या पेट्यांना १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्यात. एकाच वाहिनीवर दोघे बोलले की एकमेकांसाठी थांबावे लागते.

चौथी गोष्ट, पेटी उंचावर आणि मोकळ्यावर असावी. टीव्हीमागे, कपाटात किंवा फ्रिजच्या आड ठेवू नये. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशीय तंतू वापरावा, कारण घाटात विजा कडाडतात आणि तांब्याच्या तारेतून तो धक्का यंत्रांपर्यंत पोचतो. वीज गेल्यावरही जाळे चालावे असे वाटत असेल तर सगळ्या पेट्यांना बॅटरीचा आधार द्यावा. एकीला देऊन भागत नाही.

पालकांना आणि विश्वस्तांना आमची विनंती एवढीच की पैसे खर्च करताना पेटीच्या ताकदीच्या जाहिराती पाहू नयेत. आधी तार कोठून नेता येईल ते पाहावे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने नेटवर्क मिळावे म्हणून डोंगरावर खोपटे उभारून भर पावसात अभ्यास केला होता. आपल्या डोंगरी भागातल्या पुष्कळ मुलांना तेव्हा संकेताच्या शोधात टेकडी गाठावी लागली. गावापर्यंत आलेला संकेत आतल्या खोलीच्या भिंतीपाशी अडू नये, एवढे तर घरातल्या घरात आपल्या हाती आहे.

करून पाहा

मुलांनो, ३० नोव्हेंबरला बोसांची जयंती असते. त्याआधी हा प्रयोग करा. घराचा आराखडा कागदावर काढा. संकेताची तीव्रता आकड्यात दाखवणारे साधन मोठ्यांच्या मोबाइलवर त्यांना विचारून घ्या. प्रत्येक खोलीत उभे राहून आकडा टिपा. हे आकडे ऋण असतात. उणे ५० च्या आसपास संकेत उत्तम, उणे ७० ला अशक्त, आणि उणे ८० ला जवळजवळ नाहीच. दर १० आकड्यांनी तीव्रता दहा पट घटते, म्हणजे उणे ५० पेक्षा उणे ७० चा संकेत शंभर पट क्षीण. मग पेटी आणि मोबाइल यांच्यामध्ये क्रमाने लाकडी फळी, पाण्याने भरलेली बादली, स्टीलचे मोठे ताट आणि ओले घोंगडे धरा आणि आकडा किती बदलतो ते लिहा. प्रत्येक मोजणी तीन वेळा करा, कारण एकदाच घेतलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. आराखडा आणि तक्ता आपल्या विज्ञान शिक्षकांकडे द्या.

बोसांनी हे काम न्हाणीघराशेजारच्या खोलीत, पत्रेवाल्याने घडवलेल्या उपकरणांवर आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर केले. तुमच्याकडे त्यापेक्षा सामान जास्तच आहे.